टेबलावरच्या रोलप्लेइंग खेळात पात्रांचे आवाज काढावेत का, आणि काढायचे तर कसे?

नवखा_सूत्रधार

सर्वांना नमस्कार.

गेल्या पाच महिन्यांपासून मी आमच्या गटात 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या कल्पनारम्य जगातल्या खेळाचा डीएम, म्हणजे डन्जन मास्टर आहे; बाकीचे एकेक पात्र खेळतात, आणि कथा पुढे नेणे व इतर सर्व पात्रे करणे माझ्याकडे असते. आम्ही सहा जण दर रविवारी दुपारी माझ्या घरी जमतो आणि मराठीत खेळतो. नियमांतील संज्ञा तेवढ्या इंग्रजीतच राहतात. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ सालच्या स्टार्टर सेटमध्ये 'लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्वर' नावाची जी मोहीम येते, ती आम्ही निवडली आहे. पहिल्या काही बैठका रस्त्यावरचा छापा, गॉब्लिन या खुज्या, दुष्ट प्राण्यांची गुहा आणि लढाया यांत गेल्या आणि त्या मला जमल्या. अडचण सुरू झाली ती खेळाडू फॅन्डालिन गावात पोहोचल्यावर. तिथे सरायचा मालक, दुकानदार, देवस्थानाची सेविका, गावचा प्रमुख, बाग राखून राहिलेला निवृत्त योद्धा, खाणवाल्यांच्या पेढीची प्रमुख अशी आठ-दहा माणसे एकाच दुपारी भेटतात, आणि ती सगळी माझ्याच तोंडून बोलतात.

हा खेळ प्रत्यक्ष खेळून दाखवणाऱ्या 'क्रिटिकल रोल' या इंटरनेटवरील मालिकेचे बरेच भाग मी पाहिले आहेत. तिथला डीएम मॅथ्यू मर्सर एका वाक्यात म्हातारी आणि दुसऱ्या वाक्यात राक्षस होतो, हे पाहून मीही तसा प्रयत्न केला. गुहेतल्या गॉब्लिनांच्या म्होरक्यासाठी, क्लार्ग नावाच्या धिप्पाड, केसाळ बगबेअरसाठी, मी घसा दाबून घोगरा आवाज काढला. वीस मिनिटांत खोकला सुरू झाला आणि पुढचे दोन दिवस ऑफिसात बोलणे कठीण गेले. गावात पोहोचल्यावर सरायवाला आणि गावप्रमुख यांचे आवाज इतके सारखे झाले की एका खेळाडूने मध्येच विचारले, "आता नक्की कोण बोलतंय?" सर्वांत जास्त लागले ते वेगळेच. नवरा गमावलेल्या एका स्त्रीचे दुःख मी बारीक आवाज काढून सांगत होतो, आणि टेबलावर हशा पिकला. कोणी मुद्दाम हसले नाही हे मला कळते, पण तो प्रसंग मी दोन दिवस बसून लिहिला होता.

दुसरी गोष्ट एका खेळाडूची. तो पाच महिन्यांत एकदाही पात्र म्हणून बोललेला नाही. "माझा ड्वार्फ त्याला विचारतो की वाट कुठे जाते" असे तो सांगतो आणि थांबतो (ड्वार्फ म्हणजे या खेळातल्या बुटक्या, दणकट लोकांपैकी एक). बाकीचे हळूहळू पात्रांच्या तोंडून बोलू लागले आहेत. त्याला आग्रह करावा, की तसेच राहू द्यावे?

थोडक्यात, अभिनयाचे कोणतेही शिक्षण नसलेल्या माणसाने या खेळात आवाजांच्या मागे लागावे का, आणि लागायचे नसेल तर पात्रे वेगळी कशी वाटतील, याविषयी अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

---

जुना_फासा

आपला प्रश्न वाचून मला माझे पहिले वर्ष आठवले, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. मी गेली अकरा वर्षे डीएम म्हणून बसतो आहे, त्यातली शेवटची सात मराठीत.

प्रथम एक गैरसमज दूर व्हावा. आवाज काढणे हा या खेळाचा पाया कधीच नव्हता. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली तीन लहान पुस्तिकांच्या रूपात आला, तोच मुळी टेबलावरच्या युद्धखेळांतून. सुरुवातीच्या काळात गटातला एक खेळाडू 'कॉलर' म्हणून नेमण्याची पद्धत होती. सर्वांनी आपसांत ठरवायचे आणि त्या एकाने डीएमला सांगायचे की मंडळी आता काय करत आहेत. म्हणजे आपला तो ड्वार्फवाला मित्र जे करतो, त्याहूनही अलिप्त रीतीने लोक वर्षानुवर्षे खेळले आणि रमले. आपण वापरता त्या पाचव्या आवृत्तीच्या प्लेयर्स हँडबुक या खेळाडूंच्या नियमपुस्तकातही रोलप्लेच्या दोन रीती सरळ मांडल्या आहेत. एकीत पात्र काय करते याचे वर्णन करायचे, दुसरीत पात्र होऊन बोलायचे. पुस्तक दोन्हींना मान देते.

'क्रिटिकल रोल' २०१५ साली सुरू झाले आणि त्याने या खेळाकडे असंख्य लोक आणले, याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण त्या टेबलाभोवती बसलेली माणसे व्यवसायाने आवाजाचे कलाकार आहेत; कार्टून आणि व्हिडिओ गेममधील पात्रांना आवाज देणे हा त्यांचा रोजचा धंदा आहे. त्यांच्याशी तुलना करून डीएम खचतात किंवा खेळाडू आपल्या डीएमवर नाराज होतात, हे इतके घडले की त्याला 'मॅट मर्सर इफेक्ट' असे नावच पडले. रेडिओवर ख्याल ऐकून कोणी आईच्या अंगाईला नावे ठेवत नाही.

आता उपायाकडे वळतो. माझे ठाम मत आहे की पात्र ओळखू येते ते त्याच्या बोलीवरून, गळ्यावरून नव्हे, आणि मराठीत खेळणाऱ्याला या बाबतीत इंग्रजीत खेळणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक साधने फुकट मिळालेली आहेत. इंग्रजीत समोरच्याला संबोधायला 'यू' एवढा एकच शब्द आहे. आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण आहे. त्यापुढे अरे, अहो, बाबा, दादा, बाई, पोरा, साहेब आहे. सरायवाला प्रत्येकाला "या, बसा, दादा" म्हणतो आणि निवृत्त योद्धा पहिल्याच वाक्यात "पोरांनो" म्हणतो, एवढे केले तरी आवाज तसूभर न बदलता दोन माणसे उभी राहतात.

(ज्यांना ही मोहीम अजून खेळायची आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद कृपया वगळावेत.)

आपल्या क्लार्गचेच पाहा. मूळ मोहिमेत तो स्वतःला मोठा सेनापती समजतो आणि स्वतःविषयी तृतीय पुरुषात बोलतो. ही लेखकाने आपल्या हाती दिलेली किल्ली आहे. घसा दाबायची काहीच गरज नाही. आपल्या नेहमीच्या आवाजात, फक्त दुप्पट सावकाश, म्हणा: "क्लार्गच्या गुहेत पाय कोणी ठेवला? क्लार्गला उत्तर हवे आहे. क्लार्ग दोनदा विचारत नाही." हे मी तीन वेगवेगळ्या गटांसमोर केले आहे आणि तिन्ही वेळा टेबलावर शांतता पसरली. गावप्रमुख हार्बिन वेस्टर हा पोकळ ऐटीचा आणि मनातून घाबरलेला माणूस. त्याला मी स्वतःचा उल्लेख 'आम्ही' असा करायला लावतो, "आम्ही या प्रकरणात लक्ष घातलेलेच आहे", आणि रेडब्रँड टोळीचे नाव निघाले की त्याचे वाक्य अर्धवट तुटते व तो दुसऱ्याच विषयावर जातो. तीन-चार वेळा असे झाले की खेळाडूंना त्याची भीती आपोआप दिसते.

खाणवाल्यांच्या पेढीच्या हालिया थॉर्नटनविषयी मात्र मला विशेष सांगायचे आहे, कारण तिथे मला मराठीचे खरे बळ समजले. ही बाई गोड बोलून खेळाडूंना रेडब्रँडच्या म्होरक्याचा काटा काढायला सांगते, पण ती एका गुप्त संघटनेची हस्तक असून टोळी स्वतःच्या ताब्यात घेण्याचा तिचा बेत असतो. मी तिचे सर्व बोलणे 'आपण' या शब्दावर उभे केले: "आपण हे गाव सुरक्षित करू. आपल्याला फार काही करावे लागणार नाही." ऐकणारा त्या 'आपण'मध्ये सामील असतो. मग सौदा ठरल्यावर ती सहज म्हणते, "त्यानंतर इथला कारभार आम्ही पाहू." 'आम्ही'मध्ये ऐकणारा नाही. मी आवाज बदलला नाही, भुवई उचलली नाही, थांबलोही नाही. दोन मिनिटांनी एका खेळाडूने वही खाली ठेवली आणि विचारले, "एक मिनिट, आम्ही म्हणजे कोण?" अकरा वर्षांत माझ्या कोणत्याही आवाजाने असा परिणाम साधलेला नाही. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी 'वी' आले असते आणि तो धागा कोणाच्या हाती लागलाच नसता.

तयारीसाठी मी प्रत्येक पात्रामागे अर्ध्या पोस्टकार्डाएवढा कागद ठेवतो. त्यावर त्या माणसाला आत्ता काय हवे आहे, तो समोरच्याला काय म्हणून हाक मारतो, आणि त्याच्या हातांना कोणती सवय आहे एवढेच लिहिलेले असते. सवय म्हणजे अंगठी फिरवणे, बोलताना टेबलावर बोटाने रेघ ओढणे, उत्तर देण्यापूर्वी एक श्वास घेणे. हे लिहून ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण महिनाभराने खेळाडू त्या दुकानात परत जातात तेव्हा त्यांना ते पात्र आठवत असते आणि डीएमला नसते. दोन पात्रे एकमेकांशी बोलत असतील तर तो संवाद मी करतच नाही. "दोघांत बराच वेळ वाद होतो आणि शेवटी पुजारीण मान डोलावते" असे सांगून पुढे जातो. स्वतःशीच गप्पा मारणाऱ्या डीएमकडे पाच माणसांनी बघत बसावे, यात कोणालाच सुख नाही.

हशा पिकला त्या प्रसंगाबद्दल वाईट वाटून घेऊ नका. दुःखाच्या प्रसंगी मी आवाजाचे सोंग पूर्ण उतरवतो आणि माझ्या स्वतःच्या आवाजात, हळू, कमी शब्दांत बोलतो. त्या विधवेने रडून सांगण्याऐवजी नुसते "त्यांची पगडी अजून खुंटीवरच आहे" असे म्हटले असते, तर मला वाटते कोणी हसले नसते.

---

मंद्र_षड्ज

मी गाणे शिकवते आणि आवाज बसलेल्या शिक्षक-निवेदकांसोबतही काम करते. माझा भाचा हा खेळ खेळतो, त्याच्या आग्रहाने दोन वेळा त्या टेबलावर बसले आहे. वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु घशाचा भाग सुटू नये म्हणून लिहिते.

घोगरा, गुरगुरणारा आवाज आपण बहुधा घसा आवळून काढतो. त्या वेळी स्वरतंतूंच्या वरच्या मांसल घड्याही दाबल्या जातात आणि स्वरतंतू एकमेकांवर जोराने आपटतात. साध्या बोलण्यातही पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण शंभर ते दीडशे वेळा आणि स्त्रीचे दोनशेच्या आसपास कंप पावतात. तीन-चार तासांच्या बैठकीत त्यांच्यावर किती भार येतो याची कल्पना यावरून यावी. कुजबुजणे सुरक्षित असते असाही समज आहे, पण जोर लावून केलेली कुजबुज थकलेल्या घशाला आणखी शिणवते. रहस्यमय पात्रासाठी कुजबुजण्याऐवजी हलक्या पण खऱ्या आवाजात बोलावे.

आपल्याकडे याचा विचार फार पूर्वी झालेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात वाचिक अभिनयाच्या चर्चेत आवाजाची तीन स्थाने सांगितली आहेत: उर, कंठ आणि शिर. जवळच्या माणसाशी बोलताना उरातून, थोड्या अंतरावरच्याशी कंठातून आणि दूरच्याला हाक मारताना शिरातून बोलावे, असा तिथला निर्देश आहे. त्याच प्रकरणात उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत आणि विलंबित असे बोलण्याचे सहा अलंकारही येतात. यातले द्रुत आणि विलंबित, म्हणजे भरभर आणि सावकाश, हे दोन तर कोणालाही आजपासून वापरता येतील आणि त्यांनी घशाला काडीचीही इजा होत नाही. सुरुवातीला एवढ्यावरच पाच-सहा पात्रे वेगळी होतात.

स्थान बदलण्याचा सराव करायचा असेल तर छातीवर तळहात ठेवून ओठ मिटून गुणगुणावे आणि हाताला कंप जाणवेपर्यंत स्वर खाली न्यावा, पण ओढून नव्हे. जिथे आवाज आपणहून थांबतो तिथेच थांबावे. नंतर तोच स्वर नाकाच्या मुळाशी जाणवेल असा वर आणावा. पहिल्या जागेवरून बोललेले वाक्य भारदस्त वाटते, दुसऱ्या जागेवरून बोललेले चौकस किंवा घाईचे. एवढा फरक पुरेसा आहे. बैठकीपूर्वी पाच मिनिटे पाण्याच्या पेल्यात स्ट्रॉ बुडवून त्यातून 'ऊ' असा स्वर काढत बुडबुडे आणावेत. बोलण्याचे उपचार करणारे तज्ज्ञही हा व्यायाम देतात. मध्ये मध्ये साधे पाणी प्यावे. खाकरणे टाळावे, कारण त्या प्रत्येक खाकरण्यात स्वरतंतू घासले जातात. खाकरावेसे वाटले की आवंढा गिळावा.

एखादा आवाज काढताना दुखले, तर तो आवाज आपल्या पात्राचा नाही असे समजून सोडून द्यावा. आणि आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला तर घरगुती उपाय करत न बसता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

---

खिडकीजवळचा_ड्वार्फ

आपल्या टेबलावरच्या त्या खेळाडूच्या जागी मी आहे, म्हणून मला उत्तर देणे भाग आहे. तो मी नव्हे, पण माझ्या गटात मीही "माझे पात्र विचारते" असेच बोलतो.

माझे बोलणे लहानपणापासून अडखळते. सोंग घेतले की अडखळणे थांबते असे पुष्कळांच्या बाबतीत होत असेलही. माझे थांबत नाही, उलट सगळे टक लावून पाहत असल्यामुळे वाढते. शाळेत नाटकासाठी नावे घेतली जात तेव्हा मी खिडकीबाहेर बघत असे. हा खेळ मला आवडतो याचे कारण असे की इथे माझ्या पात्राने राजाला काय सांगितले हे मी माझ्या गतीने, माझ्या शब्दांत सांगू शकतो आणि राजा तरीही ऐकतो. मी बाहेर उभा राहून पात्राकडे पाहतो असे इतरांना वाटते. प्रत्यक्षात माझा वृद्ध ड्वार्फ जेव्हा आपल्या भावाच्या मारेकऱ्याला जिवंत सोडतो, तेव्हा त्या रात्री मला झोप लागत नाही. आतून जगणे आणि आतल्या आवाजात बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पूर्वीच्या एका गटात डीएम मला सतत म्हणत, "असं सांगू नकोस, पात्र म्हणून बोल." चांगल्या हेतूनेच म्हणत असतील. मी तिसऱ्या बैठकीनंतर जाणे सोडले. आताच्या गटात ज्या ताई डीएम आहेत, त्या काहीच म्हणत नाहीत. मी तृतीय पुरुषात विचारतो आणि त्या मात्र समोरचे पात्र होऊन, माझ्या ड्वार्फकडे पाहिल्यासारखे माझ्याकडे पाहून उत्तर देतात. मी बोललो नाही तरी माझ्याशी बोलले जाते. एवढ्याने मी त्या प्रसंगात पूर्ण असतो.

आणखी एक गोष्ट फाशांच्या संदर्भात. एखादा खेळाडू सुंदर भाषण करतो म्हणून पर्स्वेजनचा, म्हणजे समोरच्याचे मन वळते का हे ठरवणारा फासाच टाकायला लावायचा नाही, आणि दुसऱ्याने साधे सांगितले म्हणून फाशावर गाठायचा आकडा अवघड ठेवायचा, असे अनेक टेबलांवर नकळत होते. कुलूप उघडणाऱ्या चोराच्या खेळाडूपुढे आपण खरे कुलूप ठेवत नाही. माझ्या पात्राने कोणता मुद्दा मांडला, कोणते आमिष दाखवले, कोणती धमकी दिली यावर आकडा ठरावा. मी तो कसा उच्चारला यावर नव्हे. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ सालच्या नियमांतील 'इन्स्पिरेशन', म्हणजे डीएमने बक्षीस म्हणून द्यायची फाशातली सवलत, हेही पात्राचे स्वभावविशेष, ध्येये, बंध आणि दोष यांना धरून खेळल्याबद्दल द्यायचे असते. त्याला अभिनयाचे बक्षीस करून टाकू नये, ही माझी मनापासूनची विनंती आहे.

आपल्या मित्राला सर्वांसमोर काही विचारू नका. कधी दोघेच असाल तेव्हा "तुला असंच खेळायला आवडतं ना?" एवढे विचारा, आणि तो हो म्हणाला तर विषय तिथे संपवा.

---

पूर्णेकाठ

'जुना_फासा' यांनी बोलीचे महत्त्व सांगितले ते पटले, पण त्यातून निघणाऱ्या एका धोक्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. आवाज नको, बोली वापरा, असे म्हटले की पहिल्या झटक्यात लोकांचा हात प्रादेशिक बोलीकडे जातो.

मी अकोल्याची. मुंबईत नोकरीला आल्यावर एका गटात खेळायला गेले. पहिल्याच बैठकीत वाटेवरचे लुटारू आले आणि ते वऱ्हाडी बोलू लागले; म्हणजे डीएमना जशी वऱ्हाडी बोली वाटत होती तसे. प्रत्येक वाक्यात 'मले', 'तुले' आणि 'काऊन' कोंबलेले, हेल चुकलेला. सगळे पोट धरून हसले. त्यानंतर जादूगार आला तो अर्थातच स्वच्छ पुस्तकी मराठी बोलला. माझी आजी ज्या भाषेत ओव्या म्हणत असे, ती त्या जगात फक्त चोरांची आणि मूर्खांची भाषा होती. मी त्या दिवशी काही बोलले नाही. त्याचे मला अजून वाईट वाटते.

इंग्रजी टेबलांवर ड्वार्फ म्हटला की स्कॉटिश हेल लावण्याची प्रथा पडलेली आहे. मराठीत त्या हेलाला काही अर्थच नाही, म्हणून मग त्याच्या जागी कोणाची तरी बोली बसवली जाते, आणि ती नेहमी टेबलावर हजर नसलेल्या माणसांची असते. माझा बोलीला विरोध नाही. डॉ. लक्ष्मण देशपांडे यांचा 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग आठवा. बावन्न पात्रे एकच माणूस उभी करत असे आणि त्यातली कितीतरी मराठवाड्याच्या बोलीत बोलत. लोक खदखदून हसत, पण तो माणूस स्वतःच्या मातीतली भाषा बोलत होता आणि त्या पात्रांवर त्याची माया होती, हे शेवटच्या रांगेलाही कळत असे.

सध्या मी स्वतः डीएम आहे. आमच्या मोहिमेत सर्वांत विद्वान पात्र, एका बुडालेल्या ग्रंथालयाची वृद्ध रखवालदार, वऱ्हाडी बोलते, कारण ती बोली मला येते. "बाप्पा, थे पुस्तक उघडू नोको" असे ती म्हणाली की माझे खेळाडू खरोखर पुस्तक उघडत नाहीत. मालवणी किंवा अहिराणी मला येत नाही, म्हणून त्या बोलींतले एकही पात्र मी करत नाही. गटात कोणी मालवणी असेल तर त्याच्याकडे एखादे पात्र बोलायला द्यावे. एका प्रसंगापुरते डीएमचे काम खेळाडूने केले तर काही बिघडत नाही.

---

नवखा_सूत्रधार

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. कालच्या रविवारी यातले काही करून पाहिले. हार्बिनला 'आम्ही' दिले आणि त्याची वाक्ये तोडली. कोणीही "कोण बोलतंय" असे विचारले नाही. स्ट्रॉचा व्यायाम केला, घसा ठीक आहे. ड्वार्फच्या खेळाडूशी बैठक संपल्यावर जिन्यात बोललो. त्याने "हो, मला असंच बरं वाटतं" असे सांगितले, आणि घरी जाऊन ड्वार्फच्या भूतकाळाबद्दल दोन पाने लिहून पाठवली. हे त्याच्या मनात एवढे सारे होते, याचा मला पत्ताही नव्हता.

एक शंका उरली आहे. आमच्यातला एक पुरुष खेळाडू एल्फ (या जगातल्या टोकदार कानांच्या, दीर्घायुषी लोकांपैकी एक) स्त्रीचे पात्र करतो. आवाज बारीक करायचा नाही हे आता नक्की झाले, पण "मी जाते" म्हणताना तो दर वेळी अडतो आणि "मी जातो" म्हणून मोकळा होतो. मग इतरही तिला "अरे" म्हणू लागतात आणि ती एल्फ स्त्री आहे हे सगळे विसरतात. इंग्रजीत ही अडचण नसावी. इथे काय करावे?

---

आठ_बाजूंचा

मी स्त्री आहे आणि तीन वर्षे एका म्हाताऱ्या पुरुष सरदाराचे पात्र करते आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या परिचयाचा आहे.

आपण म्हणता ते खरे आहे. इंग्रजी क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग सांगत नाही, आपले मात्र 'जातो'-'जाते' म्हणताक्षणी सांगते. संगीत नाटकांच्या काळात स्त्रीपार्टी नटांना लिहिलेले संवाद पाठ असत, आपल्याला मात्र प्रत्येक वाक्य जागच्या जागी रचावे लागते, त्यामुळे अडखळणे स्वाभाविक आहे. आपल्या मित्राला पहिल्या काही बैठका त्या पात्राचे नाव घेऊन तृतीय पुरुषात बोलू द्या. "ती पुढे जाते" हे कोणत्याही पुरुषाच्या तोंडी सहज बसते, आणि कानाला त्या पात्राच्या क्रियापदांची सवय लागते. ती लागली की 'मी' आपोआप येतो. माझ्या बाबतीत याला सुमारे दोन महिने लागले. दरम्यान कोणी चुकले तर हसून दुरुस्त करू नये. डीएमने आपल्या पुढच्या वाक्यात त्या एल्फला "अगं" किंवा "बाईसाहेब" म्हणून हाक मारावी, तेवढ्याने सगळ्यांची गाडी रुळावर येते.

सवय झाल्यावर हीच अडचण उपयोगी पडते, आणि ते मला इथे आवर्जून सांगायचे आहे. मी टेबलावर बोलते तेव्हा ते मी बोलते आहे की सरदार, हे इतरांना कळण्यासाठी मला आवाज बदलावा लागत नाही. मागच्या महिन्यात किल्ल्याचा दरवाजा पडला, गटातले दोघे मरणाच्या दारात होते, आणि मी खुर्ची मागे सारून उठत म्हणाले, "मी पाणी आणते." कोणी मान वर केली नाही, सगळ्यांना समजले की मी स्वयंपाकघरात चालले आहे. पाण्याचा तांब्या घेऊन परत आले, तो टेबलावर ठेवला, आणि उभ्यानेच, त्याच आवाजात म्हणाले, "मी दरवाजात थांबतो. तुम्ही पोरांना घेऊन निघा." डीएमने काही न विचारता फासे माझ्यापुढे सरकवले.